चित्त दोरीवर: नामसिमरन, नितनेम आणि अरदास घरी कशी सुरू करावी

शीख प्रार्थनेबद्दल विचारणाऱ्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "त्याने मन शांत होतं का?" कधी होतं, कधी नाही. पण खरं सांगायचं तर या वाटेवर शांत मन ही काही मिळवायची वस्तू नाही. नाव घ्यायचं, ते आपल्याच कानांनी ऐकायचं आणि दिवसभराच्या धबडग्यात त्याचा धागा सुटू द्यायचा नाही, एवढंच काम. शांतता आली तर आली. नाही आली म्हणून प्रार्थना वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

मी नांदेडची. घरात वारकरी वळण, संध्याकाळी हरिपाठ. शेजारी शीख कुटुंब. तिथल्या आजींना अख्खी गल्ली बीजी म्हणायची. नितनेम, म्हणजे रोजचा ठरलेला पाठ, मी त्यांच्याकडे बसून शिकले, त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते पुस्तकी कमी आणि त्यांच्या ओसरीवरचं जास्त आहे. मी अमृत छकलेली नाही, म्हणजे खालसा दीक्षा घेतलेली नाही. ज्यांनी ती घेतली आहे त्यांच्यावर नितनेम बंधनकारक असतो आणि त्यांनी आपल्या पंज प्याऱ्यांकडून, म्हणजे दीक्षा देणाऱ्या पाच जणांकडून, मिळालेली मर्यादाच पाळावी. हा लेख बाहेरून आदराने आत पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरात हे होतं पण मधल्या पिढीत सुटलं त्यांच्यासाठीही.

तसं पाहिलं तर मराठी माणसाला हे अंगण परकं नाही. 1708 साली गुरू गोबिंदसिंगांनी देह ठेवला तो गोदाकाठी नांदेडला, आणि ग्रंथालाच गुरुपद दिलं तेही इथेच. त्या गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. पंजाबातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे, म्हणून तर 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं.

काय लागतं, काय लागत नाही

लागतं ते थोडंच. बसायला स्वच्छ जागा, डोकं झाकायला रुमाल, ओढणी किंवा पदर, आणि एक गुटका साहिब, म्हणजे नित्य पाठाच्या बाणींची (गुरूंच्या रचनांची) छोटी पोथी. देवनागरी लिपीतला गुटका गुरुद्वाराबाहेरच्या दुकानांत सहज मिळतो. घेताना बाणीसोबत सोप्या हिंदीत अर्थ दिलेला आहे का ते पाहा, सुरुवातीला त्याचा फार आधार होतो. फोनवर वाचणारेही पुष्कळ आहेत, पण पहाटे फोन हातात घेतला की आधी काय उघडलं जातं हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पोथी घ्या.

पोथी ठेवायची रीत असते. ती जमिनीवर किंवा अंथरुणावर टाकायची नाही, हात धुतल्याशिवाय उघडायची नाही, वाचून झाली की स्वच्छ कापडात गुंडाळून उंचावर ठेवायची. बीजींच्या गुटक्याचा रुमाल धुऊन धुऊन विटला होता, पण घडी नेहमी तीच: चारही टोकं आत, शेवटचं टोक खाली खोचलेलं, गाठ नाही. घडी उलगडताना त्या बोलणं थांबवायच्या. अर्धं वाक्य तोंडात असलं तरी.

लागत नाही त्याची यादी मोठी आहे. मूर्ती नको, समई नको, नैवेद्य नको, उपास नको, मुहूर्त नको. पद्मासन जमलंच पाहिजे असं नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. जपमाळ काही जण वापरतात, पण ती असलीच पाहिजे असं नाही. संपूर्ण गुरू ग्रंथ साहिब घरी आणायची घाई तर मुळीच करू नका. त्याचा प्रकाश आणि सुखासन, म्हणजे रोज सन्मानाने उघडणं आणि रात्री विसावणं, यासाठी वेगळी खोली लागते आणि ती जबाबदारी मोठी आहे.

सुरुवात पहाटेपासून नको, रात्रीपासून करा

बहुतेक लोक उत्साहाने अलार्म लावतात, पहाटे चारला उठतात, आठवडाभर टिकतात आणि मग सोडून देतात. माझा सल्ला उलटा आहे. पहिला महिनाभर फक्त रात्री झोपण्यापूर्वी सोहिला ही छोटी बाणी वाचा. यात पाचच शबद, म्हणजे पदं, आहेत: तीन गुरू नानकांचे, एक गुरू रामदासांचा, एक गुरू अर्जनांचा. सावकाश वाचलं तरी पाच-सात मिनिटं.

पहिल्या शबदात लग्नाची तिथी ठरली आहे, सगळ्यांनी मिळून तेल ओता, असं येतं. आपल्याकडे हळदीच्या वेळी जी गडबड असते तीच डोळ्यांपुढे उभी राहते. पण हे लग्न म्हणजे मृत्यू, जिवाची आपल्या धन्याशी भेट. हीच बाणी अंत्यसंस्काराच्या वेळीही म्हणतात. रोज रात्री अंथरुणावर पडण्याआधी हे वाचायचं म्हणजे काय, ते एकदम कळत नाही. काही आठवड्यांनी आपोआप जाणवायला लागतं. आजचं भांडण उद्यावर न्यायची इच्छा कमी होते, निदान माझी तरी झाली.

तिसरा शबद म्हणजे गुरू नानकांची आरती: 'गगन मै थालु रवि चंदु दीपक बने'. आकाशाचं ताट, सूर्य-चंद्राचे दिवे, ताऱ्यांचे मोती. निरांजनाशिवाय आरती कशी असते हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने इथे थांबावं. गंमत अशी की बहुतेक गुरुद्वारांत दिवे ओवाळत नाहीत, पण आमच्या नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब या गुरुद्वारात मात्र संध्याकाळी दिव्यांसकट आरती होते. तिथल्या जुन्या रीती तिथे जपल्या गेल्या आहेत. एकदा तरी ती वेळ साधून जा.

सोहिला वाचून झाला की फोन बंद. रात्रीची ही सवय लागली की पहाट निम्मी जिंकलेली असते, कारण उशिरा झोपणाऱ्याला पहाट मिळत नाही, कितीही श्रद्धा असो.

पहाट

अंम्रित वेला म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर. जपजीच्या चौथ्या पउडीत (म्हणजे कडव्यात) सांगितलं आहे: 'अंम्रित वेला सचु नाउ वडिआई वीचारु'. या वेळी खऱ्या नावाचं आणि त्याच्या थोरवीचं चिंतन करावं. शीख रहत मर्यादेतही (शिखांच्या आचारसंहितेतही) उजाडण्यापूर्वी तीन तास उठून, स्नान करून नाम जपावं असं आहे. नांदेडला या वेळी गोदावरीचं पाणी घागरीतून तख्तावर नेलं जातं, आणि आंघोळ करून अनवाणी निघालेली माणसं गल्लीगल्लीत दिसतात.

नोकरी करणाऱ्या, लहान मूल असणाऱ्या माणसाने काय करावं? नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठा, एवढंच. घरातलं कुणी उठायच्या आत, गॅसवर दूध चढायच्या आत. रात्रपाळी असेल तर तुम्ही ज्या वेळी उठता ती तुमची पहाट. आंघोळ करून बसणं उत्तम, कारण झोप उडते. बाळंतीण, आजारी, म्हातारी माणसं हातपाय-तोंड धुऊन बसतात.

मूलमंत्र

गुरू ग्रंथ साहिबाची सुरुवातच याने होते: इक ओअंकार, सति नामु, करता पुरखु, निरभउ, निरवैरु, अकाल मूरति, अजूनी, सैभं, गुर प्रसादि. एक आहे; त्याचं नाव सत्य; तो कर्ता; त्याला भय नाही, वैर नाही; काळाच्या पलीकडे; जन्माला न येणारा; स्वयंभू; गुरूच्या कृपेने कळणारा.

वाचताना एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. गुरुमुखीतले शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार देवनागरी गुटक्यात तसेच छापलेले असतात, पण ते सहसा उच्चारत नाहीत. 'नामु' छापलं तरी 'नाम', 'पुरखु' छापलं तरी 'पुरख', 'मूरति' छापलं तरी 'मूरत'. 'सैभं' हे 'सैभंग'च्या जवळ ऐकू येतं. पहिले काही दिवस कुणा जाणत्याचा पाठ ऐकत, ओळीवर बोट ठेवून वाचा. 'ण' आपल्या जिभेला जन्मापासून येतो, त्यामुळे हिंदीभाषक मित्र जिथे अडखळतात तिथे तुम्ही अडखळणार नाही.

मूलमंत्र पाठ करा आणि सावकाश म्हणा. 'निरभउ, निरवैरु' या दोन शब्दांपाशी मला थांबायला आवडतं. ऑफिसात एखाद्याविषयी मनात आढी असते तेव्हा 'निरवैरु' म्हणताना जीभ जरा जड होते, आणि ते बरंच आहे.

नामसिमरन

आता मुख्य भाग. बसा. पाठ ताठ पण आवळलेली नको. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवा. 'वाहेगुरू' म्हणा, आवाजात, स्वतःला नीट ऐकू जाईल इतपत. पुन्हा म्हणा.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा बीजींनी एकच सूचना दिली होती: "पुत्तर, मुंह से बोल, कान से सुन. बस." मी विचारलं, मन कुठे ठेवायचं, भुवयांच्या मध्ये की छातीत? त्या हसल्या आणि मटारच्या शेंगा सोलत राहिल्या. त्यांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. तोंडाने बोललेलं कानाने ऐकायचं. मन कुठे आहे याची चौकशी करत बसलं की मन तिथेच रमतं.

ही साधी वाटणारी सूचना करून पाहा. आपण दिवसभर बोलतो, पण स्वतःचा आवाज ऐकत नाही. दहा-बारा वेळा 'वाहेगुरू' ऐकू येतं, मग आवाज चालू राहतो आणि ऐकणं बंद पडतं. भाजी, हप्ता, काल कोण काय बोललं, सगळं सुरू होतं. लक्षात आलं की परत कान द्यायचा. स्वतःला रागवायचं नाही. विचार घालवायचे नाहीत, त्यांच्याशी झगडायचंही नाही. आवाज थोडा वाढवला की कान आपोआप वळतो.

आवाजाच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या क्रमाने याव्यात. पहिले काही आठवडे मोठ्याने. मग ओठ हलतील इतपत पुटपुटत. त्यानंतर श्वासाबरोबर: श्वास आत घेताना 'वाहे', सोडताना 'गुरू', ओठ बंद. एकदम तिसऱ्या पायरीवर गेलं की नवख्या माणसाला हमखास झोप लागते. जाणत्या माणसांनाही पहाटे झोप येते तेव्हा ती परत मोठ्याने सुरू करतात. श्वास मुद्दाम ओढायचा, दाबायचा किंवा जोरजोराने सोडायचा नाही. काही ठिकाणी संगतीत खूप वेगाने, श्वासाच्या झटक्यांसह सिमरन चालतं. रक्तदाबाचा, दम्याचा किंवा आकडीचा त्रास असणाऱ्यांनी त्यात पडू नये.

किती वेळ? सुरुवातीला दहा मिनिटं. वेळ मोजायला गजर लावा, म्हणजे घड्याळाकडे डोळा जात नाही. दहा मिनिटं कमी पडायला लागली, उठावंसं वाटेना, तर वाढवा. नियम म्हणून वाढवू नका.

अनुभवांविषयी लोक फार विचारतात. प्रकाश दिसतो का, कंप येतो का. मला विचाराल तर ज्या गोष्टी खरंच होतात त्या फार साध्या आहेत. कधी डोळ्यांतून पाणी येतं आणि कारण सापडत नाही. कधी सगळा वेळ कंटाळा येतो. कधी अचानक वर्षानुवर्षांपूर्वीचा एखादा अपमान इतका स्पष्ट आठवतो की मूठ वळते. एखाद्या दिवशी आवाज आपला नाहीच, आपण नुसतं ऐकतो आहोत असं वाटतं, आणि ते वाटतंय हे लक्षात येताच संपतं. यातल्या कशाचीही वही ठेवू नका. बीजींना मी एकदा मोठ्या उत्साहाने असंच काही सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "अच्छा है. चाय पिएगी?" त्या विषयावर त्यांचं तेवढंच बोलणं. मात्र झोप उडाली, कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले किंवा भीती बसली, तर तो अध्यात्माचा टप्पा समजू नका. बसणं थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

गुरू नानकांचीच ओळ आहे, संध्याकाळच्या रहिरास या बाणीत येते: 'आखा जीवा विसरै मरि जाउ, आखणि अउखा साचा नाउ'. म्हटलं तर जगतो, विसरलो तर मरतो; खरं नाव म्हणणं अवघड आहे. अवघड आहे हे ते स्वतःच सांगतात. मला ही ओळ फार धीर देते.

जपजी

सिमरन बसलं की जपजी हाती घ्या. सुरुवातीला मूलमंत्र आणि एक सलोक (श्लोक), मग 38 पउड्या, शेवटी 'पवणु गुरू पाणी पिता' हा सलोक. सरावाच्या माणसाला पूर्ण पाठाला वीसेक मिनिटं लागतात, नव्याला पुष्कळ जास्त. म्हणून रोज पूर्ण वाचण्याचा अट्टहास आधी नको. आठवड्याला एक पउडी घ्या: अर्थ वाचा, मोठ्याने म्हणा, जमली तर पाठ करा. पहिलीच पउडी आपले सगळे मनसुबे मोडते. 'सोचै सोचि न होवई जे सोची लख वार': लाख वेळा विचार केला तरी विचाराने तो हाती लागत नाही. पुढे मौन धरूनही नाही, जगभरची दौलत गोळा करूनही भूक भागत नाही. मग कसं? 'हुकमि रजाई चलणा'. त्याच्या हुकमाने, त्याच्या मर्जीने चालणं.

आठ ते अकरा या चार पउड्या ऐकण्याच्या आहेत. प्रत्येकीची सुरुवात 'सुणिऐ'ने. बीजींची 'कान से सुन' ही सूचना कुठून आली ते मला इथे कळलं. ज्यांना एवढी मोठी बाणी झेपणार नाही असं वाटतं त्यांनी या चारच पाठ कराव्यात.

पूर्ण नितनेमाचा आवाका सांगून ठेवते. रहत मर्यादेप्रमाणे पहाटे जपजी, जाप आणि दहा सवैये, सूर्यास्ताला सो दर रहिरास, झोपताना सोहिला. पुष्कळ घरांत पहाटे चौपई आणि आनंद साहिब धरून पाच बाणी वाचतात. हे सगळं वर्षभरात जमलं तरी लवकर जमलं म्हणायचं.

अरदास

पाठ संपला की उठून उभं राहायचं, हात जोडायचे. अरदास, म्हणजे पाठानंतरची ही प्रार्थना, बसून करत नाहीत. प्रकृती ठीक नसेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात ठरलेले शब्द आहेत आणि आपले शब्द घालायला जागाही आहे. ही मांडणी एकदा समजली की तीत रस येतो.

आरंभी परमेश्वराचं आणि दहा गुरूंचं क्रमाने स्मरण. हा भाग गुरू गोबिंदसिंगांच्या 'वार स्री भगउती जी की'मधून घेतला आहे: 'प्रिथम भगौती सिमरि कै गुर नानक लईं धिआइ'. मग पहिले पंज प्यारे, चार साहिबजादे (गुरू गोबिंदसिंगांचे मुलगे), चाळीस मुक्ते (लढाईत शहीद झालेले शीख). आणि मग ज्यांनी धर्मासाठी डोकी दिली, ज्यांचे सांधे न् सांधे कापले गेले, ज्यांच्या डोक्याची कातडी सोलली गेली, जे चरख्यांवर चढवले गेले, त्यांचं स्मरण. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दचकायला होतं. रोजच्या प्रार्थनेत, तीही सकाळी सकाळी, हे कशाला? मलाही प्रश्न पडला होता. हळूहळू कळलं की इथे आपलं मागणं पुढे ठेवण्याआधी आपण कुणाच्या मागे उभे आहोत ते आठवावं लागतं. ते आठवल्यावर मागणीचा आकार बदलतो. बदली रद्द व्हावी म्हणून उभी राहिले की 'चरखड़ीआं'पाशी पोहोचेपर्यंत माझाच आवाज जरा खाली यायचा.

त्यानंतर सामुदायिक मागणी येते: शिखांना नामाचं दान, नम्र मन आणि उंच मती, 'मन नीवां, मत उच्ची'. मग त्याला हाक: 'हे निमाणिआं दे माण, निताणिआं दे ताण, निओटिआं दी ओट'. ज्यांना मान नाही त्यांचा मान, ज्यांच्यात बळ नाही त्यांचं बळ, ज्यांना आसरा नाही त्यांचा आसरा. आणि इथे तुमची जागा. कोणता पाठ झाला ते सांगायचं, मग तुमचं म्हणणं. मराठीत बोला. आईच्या ऑपरेशनविषयी बोलायचं असेल तर सरळ बोला, देवाशी बोलताना पंजाबी सजवायची गरज नाही. माझा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही: स्वतःसाठी एक गोष्ट मागितली तर दुसऱ्यासाठी एक मागायचीच, आणि तो दुसरा शक्यतो न आवडणारा असावा.

पुढचं वाक्य नवशिक्यांनी आधी पाठ करावं, कारण ते त्यांच्यासाठीच केल्यासारखं आहे: 'अक्खर वाधा घाटा भुल्ल चुक्क माफ करनी'. एखादं अक्षर जास्त झालं, कमी झालं, चुकलं, तर माफी असावी. मग, ज्यांना भेटून तुझं नाव आठवतं अशा प्रेमळ माणसांची भेट घडव. शेवटी 'नानक नाम चढ़दी कला, तेरे भाणे सरबत्त दा भला'. तुझ्या मर्जीने सगळ्यांचं भलं. कपाळ जमिनीला टेकवायचं, उठून जयघोष करायचा.

पूर्ण अरदास पाठ होईपर्यंत 'निमाणिआं दे माण'पासून शेवटपर्यंतचा भाग म्हटला तरी चालतो. बीजींच्या नातवंडांनीही तो तुकडाच आधी शिकला.

हुकमनामा

अरदासनंतर गुरू ग्रंथ साहिब सहज उघडून डाव्या पानावरचा वरचा शबद वाचतात. तो आधीच्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून मुळापासून वाचतात. घरी ग्रंथ नसेल तर अमृतसरच्या दरबार साहिबाचा रोजचा हुकमनामा अर्थासह फोनवर मिळतो. फोन उघडायचा तर या वेळी. एकच विनंती: याला कौल लावल्यासारखं वापरू नका. नोकरी बदलू की नको, याचं उत्तर शोधायला गेलात तर प्रत्येक ओळीत हवं ते सापडेल. एक ओळ निवडा आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती आठवते का ते पाहा.

संगत

एकट्याने केलेला पाठ काही महिन्यांनी सुकतो. मग गुरुद्वारात जा. डोकं झाकायचं (टोपीपेक्षा रुमाल बरा, दारात ठेवलेले असतात), चपला जोडेघरात, हातपाय धुऊन आत. खिशात तंबाखू, सुपारीची पुडी, बिडी असेल तर बाहेरच काढून ठेवा. या बाबतीत कुणीही सवलत देत नाही. गुरू ग्रंथ साहिबापुढे माथा टेकायचा, मग मांडी घालून बसायचं. पाय ग्रंथाच्या दिशेने पसरायचे नाहीत. कडाह प्रशाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. तो तुपात निथळत असतो, रुमाल जवळ असू द्या.

पहाटे 'आसा दी वार'चं कीर्तन असतं. शब्द कळले नाहीत तरी बसा. आपल्या कीर्तनात कीर्तनकार आख्यान लावतो, हसवतो. इथे रागात बांधलेला शबदच गातात आणि ऐकणारा शांत बसतो. मला तबल्यापेक्षा त्या मधल्या क्षणाची ओढ असते, जेव्हा रागी (शबद गाणारा) थांबतो आणि हॉलमधले सगळे एकदम 'वाहेगुरू' म्हणतात.

नंतर लंगर. पंगतीत जमिनीवर बसायचं, परशादा (पोळीला तिथे हाच शब्द) दोन्ही हात पुढे करून घ्यायचा, ताटात काही टाकायचं नाही. जेवून तसेच निघू नका. भांडी घासायच्या हौदापाशी जागा असतेच. ज्या दिवशी सिमरनात मन लागत नाही त्या दिवशी तासभर ताटं घासा, हात राखेत आणि पाण्यात, बाजूला कुणीतरी अनोळखी माणूस. मला तरी यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

हात कामात, चित्त तिथे

कबीरांच्या सलोकांत नामदेव आणि संत त्रिलोचन यांचा एक संवाद आहे. त्रिलोचन विचारतात, अरे नामा, तुला मायेने घेरलं, कापडं छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, मुखाने रामाचं नाव घे, आणि 'हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि'. हातापायांनी सगळं काम कर, चित्त त्याच्यापाशी असू दे.

हे कसं करायचं तेही नामदेवांनी सांगून ठेवलं आहे, रामकली रागातल्या पदात, अंग (पान) 972 वर. कागद आणला, पतंग कापला, आकाशात सोडला. मुलगा पाच जणांशी गप्पा मारतो आहे पण चित्त दोरीवर. पाण्याला गेलेल्या मुली हसतात-खिदळतात, चित्त घागरीवर. पाच कोसांवर चरणारी गाय, चित्त वासरात. आणि शेवटी पाळण्यात बाळ ठेवून आत-बाहेर कामं उरकणारी आई, चित्त बाळापाशी. यातलं एकही माणूस डोळे मिटून बसलेलं नाही.

रोजच्या व्यवहारात याच्या खुणा ठरवून घ्या. जिना चढताना, कुलूप लावताना, सिग्नलला थांबल्यावर एकदा 'वाहेगुरू'. फोन वाजला की उचलण्याआधी एकदा. बीजी पोळी तव्यावर टाकताना म्हणायच्या, उलटताना म्हणायच्या, आणि मध्येच सुनेला मिठाचं विचारायच्या. आवाजात जराही फरक नसायचा. मी कितीतरी दिवस समजत होते की त्या गुणगुणतात.

विचारले जाणारे प्रश्न

*पाळीत वाचावं का?* वाचावं. शीख मर्यादेत विटाळ नाही. 'आसा दी वार'मध्ये गुरू नानक विचारतात की सुतक मानायचंच तर सगळीकडेच सुतक आहे, शेणात आणि लाकडातही किडे जन्मतात. आमच्या घरी या दिवसांत देवघराकडे फिरकायचं नसे, आणि शेजारी बीजींची सून गुटका उघडून बसलेली असे. माझ्या आईनेच एकदा तिला विचारलं, ऐकून घेतलं, आणि पुढच्या महिन्यापासून घरात मला कुणी अडवलं नाही.

*हरिपाठ सोडावा लागेल का?* वाचायला बसण्यासाठी कुणी तसं सांगत नाही. माझा संध्याकाळचा हरिपाठ आजही चालू आहे. खालसा दीक्षा घ्यायची असेल तर मात्र गुरू ग्रंथ साहिबाशिवाय दुसरा गुरू नाही, हे पूर्ण समजून घ्या.

*मांसाहार?* लंगर शाकाहारी असतं. वैयक्तिक खाण्याबाबत शिखांमध्येच मतं वेगवेगळी आहेत. त्या वादात पडून पाठ थांबवू नका.

*खंड पडला तर?* प्रायश्चित्त नाही, दुप्पट पाठ नाही. दुसऱ्या दिवशी बसायचं.

पुढे जायचं असेल तर

नितनेम अंगवळणी पडला की आधी सुखमनी साहिब. गुरू अर्जनांची ही बाणी, 24 अष्टपदींची, पूर्ण वाचायला दीड तास तरी लागतो. रविवारी सकाळी जमते, किंवा रोज एक अष्टपदी घ्या.

त्यानंतर सहज पाठ: संपूर्ण गुरू ग्रंथ साहिब, आपल्या गतीने. अखंड पाठाला साधारण 48 तास लागतात आणि त्यात वाचणारे बदलत राहतात. सहज पाठाला मुदत नसते. एकूण अंग 1430. रोज चार वाचले तर वर्षाच्या आत होतो, पाच वाचले तर साडेनऊ महिन्यांत. गुरुद्वारात जाऊन ग्रंथींना (ग्रंथाची सेवा आणि पाठ करणाऱ्यांना) विचारा, वाचनाची वेळ आणि जागा ठरवून देतात. घरी वाचायचं तर सैंची म्हणजे खंडांत बांधलेली प्रत घ्या, ती सांभाळणं सोपं जातं. सुरुवातीला अरदास, शेवटी अरदास, आणि समाप्तीच्या दिवशी कडाह प्रशाद: पीठ, तूप, साखर समसमान, पाणी वेगळं उकळून. पीठ तुपात बदामी होईपर्यंत भाजायचं आणि हात थांबवायचा नाही.